४८ तासांचं मूरिंग, बंद पडलेली बोट आणि १४ दिवसांचा नियम

सत्तावनफुटी

नमस्कार मंडळी. ५७ फुटी नॅरोबोट (कालव्यावरची अरुंद बोट), राहणं बोटीवरच, होम मूरिंग (बोट ठेवायची कायमची जागा) नाही, म्हणजे लायसन्स सीसीचं (कंटिन्युअस क्रूझर, सतत फिरत राहणाऱ्या बोटीचं). सध्या इंग्लंडमधल्या ग्रँड युनियन कालव्यावर ४८ तासांच्या व्हिजिटर मूरिंगवर (येणाऱ्याजाणाऱ्यांना बोट बांधायच्या जागेवर) आहे. काल, मंगळवारी सकाळी १० वाजता बोट लावली. संध्याकाळी बॅटऱ्या चार्ज करायला इंजिन चालू केलं तर कमी आरपीएमवर डब्यात खिळे हलवल्यासारखा खडखडाट. मेकॅनिकच्या मते ड्राइव्ह प्लेट (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारी चकती) गेली. गिअरबॉक्स मागे ओढून ती बदलावी लागेल आणि पार्ट यायला ५-६ दिवस. उद्या सकाळी १० वाजता ४८ तास संपतात.

प्रश्न असे:
१. पाटीवर मुदतीनंतर दिवसाला २५ पाउंड लिहिलेत. बोट बंद असली तरी ते लागतात का?
२. दीडशेएक मीटर पुढे कसलीही पाटी नसलेला टोपाथ (कालव्याकाठची पायवाट) आहे. तिथे ओढून नेली तर १४ दिवस नव्याने सुरू होतात का?
३. कळवायचं तर कुणाला आणि काय लिहून?
४. एक ओव्हरस्टे (मुदतीपेक्षा जास्त मुक्काम) नोंदला गेला तर पुढच्या वर्षीच्या लायसन्सला अडचण येते का?

---

विंडलास

तुमच्या बोटीवर सध्या दोन घड्याळं चालू आहेत. ती दोन्ही एकच समजली की घोळ होतो, म्हणून आधी ती वेगळी करू.

पहिलं घड्याळ पाटीचं. ४८ तास त्या मूरिंगपुरते. पाटीची हद्द ओलांडली की ते घड्याळ थांबतं. मात्र पाटीवरची बारीक अक्षरं वाचा. काही ठिकाणी 'इतक्या दिवसांत परत येऊ नये' अशी अट असते, तर काही ठिकाणी महिन्यातून किंवा वर्षातून एकूण किती दिवस राहता येईल त्याला मर्यादा असते. बऱ्याच जागी हिवाळ्यात हीच मुदत १४ दिवसांची होते, म्हणून पाटीवर हंगामाच्या तारखा आहेत का तेही बघून घ्या.

दुसरं घड्याळ कायद्याचं. ब्रिटिश वॉटरवेज अॅक्ट १९९५, कलम १७(३)(सी). लायसन्ससाठी एकतर बोट कायदेशीरपणे ठेवता येईल अशी जागा हवी, नाहीतर लायसन्सच्या संपूर्ण मुदतीत बोट प्रामाणिकपणे प्रवासासाठीच वापरली जाईल आणि कुठल्याही एका ठिकाणी सलग १४ दिवसांपेक्षा जास्त, किंवा परिस्थिती पाहता वाजवी ठरेल त्याहून जास्त काळ राहणार नाही, याची खात्री पटवावी लागते. सीसी म्हणजे हा दुसरा पर्याय.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. दीडशे मीटर सरकलात तर पाटीचं घड्याळ सुटलं, पण कायद्याचं मंगळवारपासूनच मोजलं जाणार. 'ठिकाण' म्हणजे बोट बांधलेली कडी किंवा खुंटी नव्हे. कालवे सांभाळणाऱ्या कॅनल अँड रिव्हर ट्रस्टच्या मार्गदर्शनात ठिकाण म्हणजे परिसर: गाव, वाडी, उपनगर, शहराचा एखादा भाग. त्याची हद्द मीटरमध्ये कुठे आखलेली नाही, पण दीडशे मीटर म्हणजे त्याच गावाची वेस.

आता हिशोब करा. मंगळवारपासून १४ दिवस, म्हणजे पुढच्याच्या पुढच्या मंगळवारपर्यंत. पार्टला ६ दिवस, बसवायला एक-दोन दिवस. सगळं १४ च्या आत बसतंय. उद्या १० च्या आत बोट त्या पाटी नसलेल्या टोपाथवर नेलीत तर ओव्हरस्टे होतच नाही. कळवायचं ते पार्ट लांबला तर हाताशी असावं म्हणून. २५ पाउंड माफ करून घेण्याच्या पत्रव्यवहारापेक्षा अर्धा तास दोरी ओढणं सोपं आहे.

---

दोरखंड

ओढायचीच असेल तर नीट ओढा. ५७ फुटी पोलादी नॅरोबोट साधारण १७ टनांची. सुटायला वेळ घेते आणि थांबायला त्याहून जास्त, कारण इंजिन बंद म्हणजे ब्रेकही नाही.

आधी चालत जाऊन जागा बघून या. बोटीच्या बांबूने कडेची खोली मोजा. बहुतेक नॅरोबोटींना दोन ते अडीच फूट पाणी लागतं. पाटी नसलेल्या टोपाथला कडेला गाळ असणं नेहमीचं, आणि दोन लॉकच्या (बोट वर-खाली नेणाऱ्या पाण्याच्या दरवाजांच्या) मधल्या पट्ट्यातलं पाणी रात्रीत चार इंच उतरलं तर बोट एका कुशीवर कलून बसते. कडेला पायलिंग (काठाला ठोकलेले पत्रे) असलेला पट्टा मिळाला तर तोच धरा. लॉक लँडिंग (लॉकच्या तोंडाशी थांबायची जागा), पाण्याचा नळ, विंडिंग होल (बोट वळवायची रुंद जागा), वळण, पुलाचं तोंड या जागी बोट बांधायची नाही, बंद पडलेली असली तरी.

माणसं किमान तीन: एक दोरीवर, एक टिलरवर (सुकाणूच्या दांड्यावर), एक पुढच्या डेकवर बांबू घेऊन. दोरी १५-२० मीटर घ्या. छोटी दोरी पुढच्या टोकाला बांधून ओढलीत तर नाक सारखं काठात घुसतं. दोरी जितकी लांब तितका ओढीचा कोन कमी. दोरी हाताला गुंडाळायची नाही. बोट आणि काठ यांच्यामध्ये पाय घालून बोट थांबवायला जायचं नाही. थांबवायची ती दोरीने: पोचायच्या १०-१२ मीटर आधी मागची दोरी खुंटीला किंवा बोलार्डला एक वेढा देऊन हळूहळू सोडत आवळायची. प्रॉपेलरचं पाणी रडरवर येत नसल्यामुळे टिलर जेमतेम ऐकतो. म्हणून बांबूवाला हवाच.

मध्ये दुसऱ्या बोटी बांधलेल्या असतील तर दोरी त्यांच्या छतावरून न्यावी लागेल. आधी दार ठोठावून सांगा. चिमणी, सोलर पॅनेल, कुंड्या, सगळं दोरीत अडकतं.

तिथे कड्या नसतील. पायलिंगला आडवी पट्टी असेल तर तिच्यामागे हूक अडकवा. नसेल तर खुंट्या, ६० सेंटीमीटरहून कमी नकोत, आणि डोकं बोटीपासून लांब झुकेल अशा तिरक्या ठोका. सरळ ठोकलेली खुंटी दोन बोटी जोरात गेल्या की सैल होते. पुढची-मागची दोरी ४५ अंशात बाहेरच्या दिशेला आणि जमल्यास दोन स्प्रिंग (बोट पुढे-मागे सरकू न देणाऱ्या तिरक्या दोऱ्या). दोऱ्या टोपाथवर आडव्या येऊ देऊ नका. सायकलवाल्यांना दिसावं म्हणून खुंटीवर पांढरी बाटली उलटी घाला.

---

कागदपत्री

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर. कळवायचं ट्रस्टला, मुदत संपायच्या आधी आणि लेखी. फोन केला तरी चालेल, पण लगेच मागून मेल टाका आणि 'आज इतक्या वाजता फोनवर बोलल्याप्रमाणे' अशी सुरुवात करा. मुदत संपून आठवड्याने आलेला मेल कितीही खरा असला तरी सबबीसारखाच वाचला जातो.

मेलमध्ये एवढं असू द्या, जास्त नको:

- बोटीचं नाव आणि इंडेक्स नंबर (बोटीचा नोंदणी क्रमांक)
- कालव्याचं नाव, कोणत्या दोन क्रमांकांच्या पुलांच्या मध्ये, टोपाथच्या बाजूला
- कधीपासून: 'मंगळवार, सकाळी १०'
- काय झालं, एका ओळीत: 'ड्राइव्ह प्लेट निकामी, बोट स्वतःच्या ताकदीवर हलू शकत नाही'
- पार्ट केव्हा येणार, कोण बसवणार
- बोट कोणत्या तारखेपर्यंत हलेल असा अंदाज. तारीख द्याच, 'लवकरच' लिहू नका
- सोबत मेकॅनिकचा मेसेज किंवा पार्टच्या ऑर्डरची पावती

पार्ट लांबला तर आधीची तारीख उलटायच्या आत नवी तारीख कळवा. कायद्यातली 'परिस्थिती पाहता वाजवी' ही सवलत कारण संपेपर्यंतच असते. दुरुस्ती झाल्यावर 'आता आलोच आहोत तर शनिवार-रविवार राहू' म्हटलं की ती संपली.

कोणती कारणं चालतात? बिघाड, आजारपण, बर्फ, पूर, पुढचं लॉक बंद असणं. २०२५ च्या उन्हाळ्यात पाऊस नसल्यामुळे लीड्स अँड लिव्हरपूल, मॅकल्सफील्ड, पीक फॉरेस्ट अशा कालव्यांचे बरेच पट्टे बंद होते. अशा वेळी स्टॉपेजची (मार्ग बंद असल्याची) सूचना स्वतःच पुरावा असते, मेल जपून ठेवा. नोकरी जवळ आहे, मुलांची शाळा इथे आहे, ही कारणं ट्रस्ट मानत नाही. यावर वाद बरेच होतात, पण निदान कारण म्हणून लिहिताना त्याच्या भरवशावर राहू नका. अपंगत्व असेल किंवा दीर्घ आजार असेल तर प्रत्येक वेळी नवा अर्ज करत बसू नका. इक्वॅलिटी अॅक्ट २०१० खाली रीझनेबल अॅडजस्टमेंट (तुमच्या अडचणीनुसार नियमात वाजवी सवलत) मागा.

चौथा प्रश्न: एका ओव्हरस्टेने लायसन्स जात नाही. बघितलं जातं ते वर्षभराचं चित्र. ते चित्र तयार होतं टोपाथवरून चालत इंडेक्स नंबर टिपत जाणाऱ्या माणसाच्या नोंदींवरून, आणि या नोंदीत एक गोम आहे: बोट दिसली एवढंच तिच्यात असतं, हलली हे तिच्यात नसतं. १ तारखेला तुम्ही पुलापाशी दिसलात, मग आठ मैल जाऊन आलात, आणि १५ तारखेला येताना पुन्हा त्याच पुलापाशी दिसलात. कागदावर तुम्ही १५ दिवस तिथेच.

म्हणून स्वतःची वही ठेवा. प्रत्येक मुक्कामाला एक ओळ पुरे: तारीख, वेळ, कुठून कुठे, पुलांचे क्रमांक, मैल, लॉक. सोबत पुलाच्या क्रमांकाची पाटी आणि बोट एकत्र दिसेल असा एक फोटो. डिझेलची, गॅसची, पंप-आउटची (शौचटाकी उपसल्याची) पावती फेकू नका. ट्रस्टकडे तुमच्या बोटीच्या कोणत्या नोंदी आहेत ते सब्जेक्ट अॅक्सेस रिक्वेस्ट करून मागता येतं. उत्तराची मुदत साधारण एक महिना. रिन्यूअलच्या तीन महिने आधी ते मागवून आपल्या वहीशी ताडून बघितलं तर चुका वेळेत दुरुस्त होतात.

---

सत्तावनफुटी

मनापासून आभार. ओढायचं ठरवलं, शेजारच्या बोटीवरची दोघं येतायत. तरी दोन शंका. ते २५ पाउंड नक्की काय आहे, दंड की भाडं? आणि वर्षाला २० मैल झाले की सीसीला पुरतं असं सगळीकडे ऐकू येतं, ते कुठून आलं?

---

ली_काठ

दंड नाही. दंड करायला कायद्यात तसा अधिकार लागतो आणि १९९५ च्या कायद्यात दिवसाला इतके पाउंड असं काही नाही. ट्रस्ट त्याला 'एक्स्टेंडेड स्टे चार्ज' म्हणतो, म्हणजे जास्त राहिल्याचं शुल्क, आणि आधार देतो ट्रान्सपोर्ट अॅक्ट १९६२ च्या कलम ४३ चा, ज्यात सेवा-सुविधांसाठी पैसे आकारता येतात. बोटीवाल्यांच्या संघटनांना हे मान्य नाही. कायद्याने १४ दिवस दिलेत, मग पाटी लावून ते ४८ तासांवर कसे आणता, असा त्यांचा सवाल. माझ्या मते सवाल रास्त आहे.

---

विंडलास

सवाल रास्त असेल, पण बंद बोटीवर बसून तो लढवू नये. पाटी स्पष्ट होती आणि तुम्ही ती वाचून बोट लावलीत, हे तुमच्याच विरुद्ध जातं. शिवाय ४८ तासांची पाटी मुळात कशासाठी असते ते बघा: लॉकच्या रांगेखाली, दुकानं-पब असलेल्या गावात, पाण्याच्या नळाशेजारी. तिथे एकाने दोन आठवडे ठाण मांडलं तर येणाऱ्या प्रत्येकाला अंधारात पुढे जावं लागतं. स्टोक ब्रुअर्न किंवा फॉक्स्टनला उन्हाळ्यात दुपारी चारनंतर पोचलात तर हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

बिल आलंच तर गप्प बसू नका. कारण आणि तारखा देऊन लेखी हरकत घ्या. नकार आला तर ट्रस्टची तक्रार प्रक्रिया दोन पायऱ्यांची आहे, त्यानंतर वॉटरवेज ओम्बड्समन.

आता २० मैल. २०१५ मध्ये ट्रस्टने म्हटलं की लायसन्सच्या मुदतीत बोटीच्या हालचालीचा पल्ला १५-२० मैलांपेक्षा कमी असेल तर खात्री पटणं फार कठीण. इथे दोन शब्द लोक गिळून टाकतात. एक म्हणजे 'पल्ला': एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर, वर्षभराची बेरीज नव्हे. पाच मैलांच्या पट्ट्यात वीस वेळा ये-जा केलीत तर बेरीज १०० मैल, पल्ला पाचच. दुसरं म्हणजे ही खालची रेघ आहे, 'एवढं केलं की सुटलात' असं वचन नाही.

२०११ साली ब्रिस्टल काउंटी कोर्टात केनेट अँड एव्हन कालव्यावरच्या एका बोटीचा निकाल लागला. सुमारे १० मैलांच्या पट्ट्यात वर-खाली फिरणं हे प्रामाणिक प्रवासात बसत नाही असं कोर्टाने म्हटलं, आणि १४ दिवसांची मुदत पाळली एवढ्यावर भागलं नाही. काउंटी कोर्टाचा निकाल इतर कोर्टांवर बंधनकारक नसतो, पण ट्रस्टचं धोरण त्याच वळणावर चाललंय.

नकाशावर बघा म्हणजे कळेल. त्याच कालव्यावर बाथ ते ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन, सुमारे १० मैल. सुंदर पट्टा, दोन्हीकडे गाव, स्टेशन, दुकानं, म्हणून गर्दी तिथेच. त्यातच वर्ष काढलं तर उत्तर वरच्या निकालात आहे. पुढे डेव्हायझेसपर्यंत गेलात तर सुमारे २० मैल, पण मध्ये केन हिलची २९ लॉक. लोक तिथून माघारी फिरतात ते मैलांमुळे नाही, लॉकमुळे. तिथून पूर्वेला पाण्याचा १५ मैलांचा सलग पट्टा आहे, एकही लॉक नाही. चढ एकदा चढलात की पुढचे चार-पाच मुक्काम फुकटच म्हणायचे. वर्षाला साधारण २६ पंधरवडे. प्रत्येक पंधरवड्याला तीन-साडेतीन मैल एकाच दिशेला सरकलात तर ८७ मैलांचा रेडिंग ते ब्रिस्टल मार्ग वर्षात होतो. तीन मैल म्हणजे लॉक नसतील तर एका दुपारचं काम.

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात तसं हे आहे. बिऱ्हाड पाठीवर असलं तरी विंचवाला चालावं लागतं.

---

मरीनावाली

मध्येच विचारते. आमचं मरीनात होम मूरिंग आहे, पण उन्हाळ्यात चार महिने बाहेर असतो. आम्हाला १४ दिवस लागू नाहीत असं एका शेजाऱ्यांनी सांगितलं.

---

कागदपत्री

ताई, शेजाऱ्यांचं अर्धं बरोबर. १९९५ च्या कलमात १४ दिवसांचे शब्द सीसीच्या पर्यायात आहेत, होम मूरिंगच्या पर्यायात नाहीत. पण लायसन्सच्या अटींत टोपाथवर १४ दिवस हे सगळ्यांनाच आहेत, आणि पाटी तर बोट कोणाची ते विचारत नाही. फरक एवढाच की वर्षाचा पल्ला तुमच्याकडून त्याच पद्धतीने मोजला जात नाही. मात्र मरीनाची जागा नुसती कागदावर आणि बोट बाराही महिने त्याच दोन पुलांमध्ये, असं असेल तर विचारणा होणार.

सीसी सरचार्जबद्दलही सांगून टाकते. एप्रिल २०२४ पासून होम मूरिंग नसलेल्यांना लायसन्सवर जादा आकार आहे, ५ टक्क्यांपासून सुरू होऊन २०२८ पर्यंत २५ टक्क्यांवर जाणारा. तो भरला म्हणजे मुक्कामाचे दिवस वाढले असं काही नाही. एक जण तसं समजून बसला की चार जण समजतात.

---

ली_काठ

लंडनमध्ये येणार असाल तर गणित आणखी वेगळं. पॅडिंग्टनजवळच्या रेम्ब्रँट गार्डन्ससारख्या काही जागा आधी बुक कराव्या लागतात. तिथे बुकिंग संपलं की मुदत संपली, 'पाटीवर तर लिहिलेलं नाही' हे चालत नाही. इझलिंग्टनच्या इको झोनमध्ये विजेचं कनेक्शन घेऊन राहायचं, इंजिन आणि लाकूड-कोळशाच्या शेगडीचा धूर नको. रीजंट्स कालव्यावर दोन-तीन बोटी एकमेकींना लावून बांधलेल्या असतात. बाहेरची बोट बंद पडली तर आतली अडकते. तिथे बिघाड झाला तर ट्रस्टच्या आधी शेजाऱ्याला सांगा.

इंजिन आणि जनरेटर रात्री ८ ते सकाळी ८ बंद, हे सगळीकडेच. सत्तावनफुटी, तुमच्या बॅटऱ्यांसाठी पोर्टेबल जनरेटर आणणार असाल तर हे लक्षात ठेवा. आणि तो काठावर ठेवा, पुढच्या डेकवर नको. धूर दारातून आत येतो, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

---

थेम्सकाठी

वरचं सगळं ट्रस्टच्या पाण्यापुरतं. नदीवर उतरलात की मालक बदलतो. टेडिंग्टनच्या वरची थेम्स एन्व्हायर्न्मेंट एजन्सीकडे, आणि काठ बहुतेक ठिकाणी खासगी किंवा कौन्सिलचा. तिथे १४ दिवस विसरा. मुक्काम तासांत मोजतात, बहुधा २४, आणि पाटीवरचा आकडा भरावाच लागतो. वे नदी नॅशनल ट्रस्टकडे, बेसिंगस्टोक कालव्याचं स्वतंत्र प्राधिकरण, स्कॉटलंडमध्ये स्कॉटिश कॅनल्स. ब्रिजवॉटर कालव्यावर ट्रस्टच्या लायसन्सवर जाता येतं, पण ७ दिवस. मँचेस्टरकडून वर येताना हे हमखास विसरतात.

नदीवर पुराचं लाल निशाण असेल तर हलायचं नाही, मुदत संपली तरी. जोरदार प्रवाहात निघणं हे ओव्हरस्टेपेक्षा कितीतरी वाईट. फोटो काढा, कळवा, दोऱ्या वरच्या पाण्याला पुरतील एवढ्या सैल ठेवा आणि थांबा. नदीवर दोऱ्या कालव्यासारख्या ताणून बांधल्या तर पाणी चढताना बोट एका बाजूने खाली ओढली जाते.

---

विंडलास

एक राहिलं. सगळंच बिघडलं तर काय होतं तेही माहीत असावं, कारण 'बोट उचलून नेतात' एवढंच लोक घाबरून सांगतात. आधी आठवणीचा मेसेज, मग पत्र. हालचाल कमी वाटली तर पूर्ण वर्षाऐवजी ६ महिन्यांचं लायसन्स आणि त्यात सुधारणा दाखवायची संधी. तरीही नाही जमलं तर १९९५ च्या कलम १७ खाली चूक सुधारायला नोटीस, किमान २८ दिवसांची. तेही गेलं तर लायसन्स संपतं. त्यानंतर ब्रिटिश वॉटरवेज अॅक्ट १९८३ च्या कलम ८ ची, म्हणजे बोट हटवण्याची नोटीस, तीही किमान २८ दिवसांची, आणि बोटीवर कोणी राहत असेल तर ट्रस्ट बोट हटवण्याआधी काउंटी कोर्टात जातो. म्हणजे मधे बरेच महिने असतात. लोक हरतात ते पहिल्या दोन पत्रांना उत्तर न दिल्यामुळे. पत्रं येण्यासाठी कुणाचा तरी पक्का पत्ता द्या, मेल अपडेट ठेवा. कोर्टाचा कागद हातात आला की त्याच दिवशी सल्ला घ्या. नॅशनल बार्जी ट्रॅव्हलर्स असोसिएशन बोटीवर राहणाऱ्यांना मदत करते.

---

सत्तावनफुटी

मेल गेला. पुलांचे क्रमांक, मेकॅनिकचा मेसेज आणि पुढच्या गुरुवारची तारीख घालून. पुढच्या जागी बांबू घालून बघितला, पायलिंगला लागून तीन फूट पाणी आहे. उद्या सकाळी ८ ला ओढतो. तोपर्यंत इंजिन न्यूट्रलमध्ये चालवून बॅटऱ्या भरल्या तर चालेल का?

---

दोरखंड

नको. न्यूट्रलमध्येही गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट फिरतो, म्हणजे ड्राइव्ह प्लेटही फिरते. आतली स्प्रिंग निसटली तर बेल हाउसिंगमध्ये फिरून आणखी खर्च काढेल.

आणि ऑर्डर पक्की करण्याआधी मेकॅनिकला दोन आकडे विचारा: मधल्या छिद्रातल्या स्प्लाइनचे दात किती, आणि फ्लायव्हीलला बसणाऱ्या बोल्टच्या वर्तुळाचा व्यास किती. इंजिनाचं नाव सांगून मागवलेली प्लेट गिअरबॉक्स वेगळा असेल तर बसत नाही. चुकीची आली तर ती परत, नवी यायला आणखी आठवडा, आणि कागदपत्रींनी सांगितल्याप्रमाणे तारीख बदलून दुसरा मेल. गिअरबॉक्सच्या अंगावर एक छोटी धातूची पट्टी असते, तेल-काजळी पुसून तिचा फोटो आत्ताच पाठवा.